पहिली नऊ मिनिटं

बाबांच्या सिनेमाचा बॅनर ज्या मोठ्या बॅनरखाली झाकला गेला, तो मोठा बॅनरही मीच छापला होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी बऱ्याच जणांच्या नावानं बोटं मोडणार आहे, तेव्हा माझाही हात त्यात होता हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

रत्नागिरीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, हार्दिक स्वागत, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनमधून निघतं. त्या उन्हाळ्यात एक मोठा सिनेमा येणार होता, कुठल्याशा मालिकेतला चौथा भाग. त्याच्या नायकाचा मुखवटा बिस्किटाच्या पुड्यावर आला, टूथपेस्टच्या खोक्यावर आला, शाळेच्या दप्तरांवर आला, एका पाइपवाल्या कंपनीनं तर बोअरवेलच्या पाइपांवरही छापला. सिनेमा लागायच्या महिनाभर आधीपासून आमचं शहर त्याला खात होतं, पीत होतं आणि त्यानंच दात घासत होतं. थिएटरवर लावायच्या बॅनरांची ऑर्डर एका कोल्ड्रिंकच्या एजन्सीनं मला दिली. मी खूश झालो. खोटं कशाला बोला, आधीचे तिन्ही भाग मी पहिल्याच दिवशी पाहिले होते आणि शिट्ट्याही मारल्या होत्या. माझी शिट्टी चांगली लांब जाते.

त्याच शुक्रवारी त्याच थिएटरात, भिंतीपलीकडच्या छोट्या पडद्यावर, दुपारी सव्वाबाराच्या एकुलत्या एका खेळाला एक मराठी सिनेमा लागला. त्यात बाबा होते.

बाबा सिनेमातले नट नव्हेत. पूर्णगडची खाडी आत शिरत शिरत जिथं गोड्या पाण्याची होते, त्या अंगाला आमचं गाव. बाबांनी जन्मभर भात लावलं आणि तीस वर्षं नमनात मावशी केली. नमन म्हणजे आमच्याकडे देवळापुढे होणारा खेळ. त्यात गवळणींबरोबर बाजाराला निघालेली एक फटकळ म्हातारी असते, ती मावशी. मिशा न काढता, नऊवारी नेसून बाबा उभे राहिले की ते तोंड उघडायच्या आधीच बायका पदर तोंडात कोंबायच्या. तीन वर्षांपूर्वी मुंबईचा एक दिग्दर्शक शूटिंगसाठी गावात आला, त्यानं बाबांना पाहिलं आणि सिनेमाची सुरुवातच देवळापुढच्या नमनानं करायचं ठरवलं. लिहून आणलेले संवाद बाजूला ठेवून तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही तुमचंच बोला." बाबा तासभर बोलले. त्यातली त्यानं चार मिनिटं ठेवली.

मग सिनेमा अडकला, याच्या-त्याच्याकडे पडून राहिला. मधल्या काळात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागले आणि बोलणं गेलं. अगदी मुके झाले नाहीत. दोन-तीन शब्द येतात, तेही वाकडे, घरच्यांनाच कळतील असे. ज्या माणसाच्या जिभेला गाव भ्यायचं, त्याला पाणी मागायला दोनदा तोंड उघडावं लागतं. नमनाचे मोबाईलवर काढलेले तुकडे आमच्याकडे आहेत, पण त्यात मृदंग आणि गर्दीच, बाबांचा आवाज कुठल्या कुठे. म्हणजे बाबांचा आवाज या जगात एकाच ठिकाणी धड उरला होता, आणि ते ठिकाण त्या सिनेमाच्या पहिल्या नऊ मिनिटांत होतं.

सिनेमा लागतोय हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "ऐकायचाय." मग पुन्हा तोंड उघडून म्हणाले, "मान्सं. हसतात काय."

त्यांना एकट्यानं बघायचा नव्हता. गावाबरोबर बघायचा होता. आंब्याच्या दिवसांत गावाला एकत्र सवड मिळणार ती रविवारीच, म्हणून रविवार ठरला.

शुक्रवारी मी एकटा जाऊन पाहून आलो. आत आम्ही सात जण होतो, त्यातले दोघं नुसते एसीला आलेले. पडद्यावर मृदंग वाजला आणि बाबा आले. भिंतीएवढे बाबा, कमरेवर हात, मिशीखाली ते हसू. "मेल्यानु, बाजार उठला तरी तुमचा नट्टापट्टा होत नाय!" तो आवाज कानावर पडला आणि मी रडलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण हसलं कुणी नाही. सात माणसं हसत नाहीत, हसायलासुद्धा बाजूला कुणीतरी लागतं. मी खिशातून मोबाईल काढला, तर दारावरच्या माणसानं टॉर्चचा उजेड पाडला. "काका, शूटिंग नको." मी निमूटपणे ठेवून दिला. रविवारी बाबा प्रत्यक्षच बघणार आहेत, मग चोरून कशाला, असा मी शहाणपणा केला. तो शहाणपणा मला अजून खातो.

पलीकडच्या मोठ्या पडद्यावर दंगा चालला होता. भिंत पातळ. कुठली शिट्टी कशासाठी हे मला सवयीनं कळत होतं. ही सिनेमा काढणाऱ्या कंपनीचं नुसतं चिन्ह आलं म्हणून, ही नायकाचे बूट दिसले म्हणून, हा गलका मुखवटा चढला म्हणून. माणसं कंपनीच्या चिन्हाला उभं राहून टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या होत्या. त्या दुपारी मात्र त्या टाळ्या माझ्या बापाच्या तोंडावर पडत होत्या आणि मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता.

बाहेर आल्यावर मॅनेजरनं बाजूला घेतलं. "शेठ, रविवारपर्यंत कसाबसा ठेवतो. सोमवारपासून दोन्ही पडद्यांवर मोठाच."

"कोण ठरवतं हे?"

"वरून येतं. माझ्या हातात एसीचा रिमोट तेवढा."

मी दिग्दर्शकाला फोन लावला. तो बिचारा माझ्यापेक्षा रडकुंडीला आलेला. दुसरीकडे कुठं लागणार नाही, कुठल्या ॲपनं घेतलेला नाही, आणि निर्माता त्याचा फोन उचलत नाही. म्हणजे रविवार हाच काय तो दिवस.

शनिवारी मी दुकान बंद ठेवून दारोदार फिरलो. बाबांना हसणारी माणसं हवी होती, मला ती जमवायची होती. एक ओळखीचे गुरुजी म्हणाले, "ॲपवर आला की बघू." म्हटलं, ॲपवर येणार नाही. म्हणाले, "मग काय तेवढा चांगला नसेल." दुसरा एक जण मराठी सिनेमाला प्रेक्षक नाही म्हणून माझ्यापाशी दहा मिनिटं हळहळला आणि माझ्यादेखत मोबाईलवर शेजारच्या सिनेमाची तीन तिकिटं काढली. वरून म्हणाला, "मुलांना न्यायलाच लागतं रे, नाहीतर शाळेत वेगळी पडतात." त्याचंही खोटं नव्हतं. संध्याकाळी थिएटरवरून गेलो तर एजन्सीची पोरं आणखी एक बॅनर चढवत होती. शुक्रवारी मी हौसेनं लावलेला बाबांचा सहा फुटी बॅनर त्याच्यामागे गेला. वरच्या कडेला मावशीच्या डोक्यावरचा पदर तेवढा दिसत होता. बॅनर कुठं लागणार हे मी ऑर्डर घेताना विचारलंच नव्हतं. त्यांनी माप दिलं, मी छापून टाकला.

रविवारी मी सकाळपासून थिएटरच्या दारात. गावाला मी अकराचा शो सांगितला होता. गावाला वेळ सांगताना तासभर कापून सांगावा हे मी शिकलोय, पण शहरातला माणूस तासभर कापून सांगतो हे गावही शिकलंय. तरी नऊ वाजता दोन ट्रॅक्स गाड्या देवळापुढे लागल्या, पोरीबाळी नटून आल्या, वहिनीनं बाबांना पांढरा सदरा घालून आणलं. दादा मुंबईला असतो, त्यामुळे बाबांचं सगळं वहिनीच बघते. दहा वाजता मी फोन केला.

"निघालात ना?"

"नाय भावोजी. मानकरी अजून आलं नायत."

सव्वादहाला केला. मानकरी नाहीत. साडेदहाला केला. मानकरी नाहीत. आणि मग माझ्या डोक्यात वीज चमकली. आमच्याकडे कुठलाही खेळ मानकऱ्यांनी, म्हणजे गावच्या पहिल्या मानाच्या माणसानं, देवाला गाऱ्हाणं घालून साकडं घातल्याशिवाय सुरू होत नाही, आणि मानकरी बोलावल्याशिवाय येत नाहीत. बोलावायचं म्हणजे ज्याच्याकडचं कार्य त्यानं नारळ-सुपारी घेऊन त्यांच्या उंबऱ्याशी जायचं. मी त्यांना फोन केला होता. "काका, रविवारी यायचं हं, पहिला मान तुमचा," असं दुकानात मशीन चालू असताना, एका हातानं फ्लेक्स कापत बोललो होतो. ते "व्हय व्हय" म्हणाले होते. आणि आता आंघोळ करून, टोपी घालून ते आपल्या पडवीत बसले होते, कुणी बोलवायला येतं का म्हणून. इकडे गाव देवळापाशी त्यांची वाट बघत उभं. मध्ये दहा मिनिटांचा कातळाचा सडा. कुणी हलेना, कारण बोलावणं हे माझं काम आणि मी तासाभराच्या वाटेवर थिएटराच्या पायरीवर.

"वहिनी, तुम्ही जा सुपारी घेऊन!"

"मी बायमाणूस कशी जाव? आनी मामंजी गाडीत बसतच नायत. भायर उभं ऱ्हायल्यात काठी टेकून."

"त्यांच्या कानाला लावा फोन." मी जवळजवळ ओरडलोच. "बाबा, गाडीत बसा. इथं कुणी कुणासाठी थांबत नाही. मशीन आहे ते. वेळ झाली की सुरू होतं."

पलीकडे काठी ठकठकली. मग वाकडातिकडा एक-एक शब्द. "खेल. थांबतो."

तीस वर्षं थांबला होता. मावशी रंगून तयार, मृदंग तापलेला, आणि मानकरी येईपर्यंत सगळे थांबलेले. 

शेवटी वाडीतला एक जण माझ्या नावानं सुपारी घेऊन गेला. मानकरी आले. फोन चालूच होता, त्यातून मला गाऱ्हाणं ऐकू आलं. "बा गावच्या राजा, आज तुजी लेकरं शिनेमाला चालल्यात. वाटंत काय आडवं यील त्ये बाजूला कर." आणि तीस माणसांचं "होय महाराजा!" त्याच वेळी माझ्यासमोर, थिएटरच्या अंगणात, फॅन क्लबची पोरं मुखवट्याच्या कटआउटपुढे नारळ वाढवत होती, ताशा बडवत होती. एका कानात देव आणि दुसऱ्या कानात कंपनी. मला दोघांनाही शिव्या द्याव्याशा वाटल्या. ट्रॅक्स निघाल्या तेव्हा पावणेबारा होऊन गेले होते.

मी मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, अर्धा तास. तो मान हलवू लागला. म्हटलं, वीस मिनिटं. "शेठ, वेळ मुंबईतनं लावलेली असते. सुरू करायची कळ इथं नसतेच." मी वाकलो आणि त्याचे पाय धरले. नाटक नाही, खरोखर धरले, पंचेचाळिशीचा माणूस, पॉपकॉर्नच्या काउंटरसमोर. रांगेतल्या लोकांनी पाहिलं आणि पुन्हा मेनूकडे तोंडं केली. मॅनेजर मागे सरला. "असं नका करू हो, मला कसंतरी होतं," म्हणाला.  पण कळ नव्हती म्हणजे नव्हतीच.

सव्वाबाराला दार लागलं. आधी जाहिराती. नायकाचं बिस्किट, नायकाची टूथपेस्ट, नायकाचे पाइप. जन्मात पहिल्यांदा मी देवाजवळ मागणं केलं की जाहिराती संपू नयेत. त्या संपल्या. मृदंग वाजला. आतून बाबांचा आवाज येऊ लागला आणि मी बाहेर उभा राहून बाबांची वाट बघत होतो.

एकदम सुचलं. वहिनीला फोन लावला, दाराला पाठ लावून मोबाईल फटीशी धरला. "वहिनी, बाबांच्या कानाला लावा! आत्ताच्या आत्ता!" तिनं "हां" म्हटलेलं ऐकलं. "मेल्यानु, बाजार उठला तरी," असं आतून आलं आणि फोन तुटला. डोंगराआड तिथं रेंज जाते, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी पुन्हा लावला. पुन्हा. आत बाबा बोलत होते. पुन्हा लावला. चार मिनिटं म्हणजे किती असतात, ते मला त्या दिवशी कळलं. मग आत शांत झालं आणि पार्श्वसंगीत सुरू झालं.

ते आले तेव्हा पाऊण वाजला होता. आधी मानकरी शिरले, मग बाबा, मग गाव. तीस माणसं अंधारात चाचपडत, "हितं बस गो", "सरक जरा" करत बसली. मानकऱ्यांनी मोठ्यानं विचारलं, "मावशी कदी येते?" मी गुडघ्यावर बसून त्यांच्या कानात सांगितलं.  त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाबांना मी सांगू शकलो नाही. त्यांच्या डाव्या बाजूला बसलो, धड हाताच्या बाजूला. पडद्यावरचा प्रसंग बदलला की ते माझा हात दाबत. "आता?" मी म्हणायचो, "आता." पुन्हा दाबत. "आता?" असं किती वेळा झालं. तीन तास उन्हात ताटकळलेला म्हातारा माणूस, वर तो एसी. मध्यंतराच्या जरा आधी त्यांची मान कलली. डोळा लागला. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे काहीतरी विनोद झाला. अख्खं मोठं थिएटर हसलं, टाळ्या पडल्या, आमच्या खुर्च्या हादरल्या. बाबा दचकून जागे झाले.

"झालं? माजं?"

मी भित्रा माणूस. आयतं आलेलं मी घेतलं. "झालं बाबा. आत्ताच झालं. ऐकलंत ना, केवढे हसले?"

मध्यंतरात मानकरी उठून आले. तीस वर्षं बाबांच्या खेळाला गाऱ्हाणं घालणारा माणूस, त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "लय भारी काम झालं तुजं. आमी पोट धरून हसलंव." त्यांच्यामागून एकेक जण आला. बायका आल्या. सगळं गाव ओळीनं माझ्या बापाशी खोटं बोललं आणि बाबा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिले. हसले नाहीत.

सिनेमा संपला तेव्हा नावं सुरू व्हायच्या आधीच दिवे लागले. झाडूवाले आत शिरले, पुढचा खेळ मोठ्याचा होता. तिकडे शेजारी हजार नावं सरकतात तरी सगळे बसून राहतात, कारण शेवटी पुढच्या भागाचा तुकडा असतो. आमच्या उजळलेल्या पडद्यावर नावं पुसट पुसट वर जात होती. बाबांचं नाव मला दिसलं. "बाबा, ते बघा," म्हणून बोट करेपर्यंत ते वर गेलं होतं.

मी त्यांच्याबरोबर गावी गेलो. वाटेत पोरं गाणी म्हणत होती, मग तीही एकमेकांच्या खांद्यावर झोपली. घरी आल्यावर बाबांना पडवीतल्या बाकावर बसवलं, चपला काढल्या. पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही. दोनदा तोंड उघडलं आणि मग शब्द आले.

"बाजूचं हसलं. आपलं नाय."

हसू कुठल्या बाजूनं येतं हे तीस वर्षं पडद्याआड उभा राहिलेल्या माणसाला मी शिकवायला निघालो होतो. मला मान वर करवेना. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"उद्या," ते म्हणाले. "लवकर जाव्या." मग काठी जवळ ओढून, "गाऱ्हाणं नको."

सोमवारपासून सिनेमा उतरणार हे मला माहीत होतं. मी "होय" म्हटलं.

सोमवारी सकाळी एजन्सीचा निरोप आला, चौथ्या भागाचा 'हाऊसफुल्ल'चा बॅनर हवाय, दुपारपर्यंत. मी मशीन लावलं. मुखवट्याची हनुवटी छापून झाली होती, तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"भावोजी, मामंजी पाटंपासून सदरा घालून पडवीत बसल्यात. चाय पन घेईनात. गाडी कदी येतेय इचारतायत."

मागून बाबांच्या काठीचा जमिनीवर ठकठक आवाज येत होता.

"निघालोय म्हणून सांगा," मी म्हणालो आणि मशीन तसंच चालू ठेवून खरंच निघालो. त्यांना काय सांगायचं ते शहराबाहेरच्या भाट्याच्या पुलापर्यंत ठरवू, असं मनाशी म्हटलं. पूल आला आणि गेला.